ओट्याची परवानगी

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही हसत विचारलंत, "स्वतःच्या परसात लाकडी ओटा घालायला सात जणांची परवानगी? जागा विकत घेतलीस की भाड्यानं?" तेवढ्यात फोन कटला आणि उत्तर राहून गेलं. तुमची हयात तलाठ्याच्या दप्तरात गेली, तेव्हा तुम्हाला नीट सविस्तरच सांगते.

आमच्या घरामागचा तो ओलसर, झुडपांचा पट्टा कायद्यानं पाणथळ आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा पाणथळीच्या कडेपासून 100 फुटांत, आणि बारमाही नदी-ओढा असेल तर बहुतेक ठिकाणी 200 फुटांत, काही खणायचं-बांधायचं असेल तर आधी गावाच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनकडे, म्हणजे निसर्ग-रक्षण समितीकडे, जावं लागतं. तीन ते सात माणसं, तीन वर्षांसाठी नेमलेली, सगळी बिनपगारी. 1957 साली अशा कमिशनांचा कायदा झाला तेव्हा त्यांच्याकडे फक्त गावच्या मोकळ्या जागांचं काम होतं. पाणथळींचा कायदा 1972 पासून त्यांच्या हाती आला.

पाणथळ कुठे संपते हे ठरवायची रीत तुम्हाला आवडेल. तज्ज्ञ बाई गिरमिटासारखं लांब हत्यार घेऊन आल्या. फिरवत फिरवत ते जमिनीत घातलं, माती वर काढली आणि रंगांच्या छोट्या चौकोनांचं एक पुस्तक उघडून ती शेजारी धरली. करड्या मातीत तांबूस, गंजासारखे ठिपके दिसले, म्हणजे इथं वर्षातला बराच काळ पाणी मुरून राहतं. वर पाणी दिसो न दिसो. मग झाडं पाहिली आणि कडेकडेनं झुडपांना गुलाबी फिती बांधत गेल्या. आमचा ओटा फितींपासून साधारण चाळीस फुटांवर येत होता.

नंतर एका शनिवारी सकाळी कमिशनचे सभासद गमबूट घालून परसात हजर. त्यातले एक निवृत्त मास्तर; त्यांनी आमच्या छपराच्या पाण्याचा नळ कुठे सोडलाय हे वाकून पाहिलं. मला वाटलं होतं बेडकांबद्दल बोलतील. बोलले ते पाण्याबद्दल: विहिरींचं पाणी, पूर, गाळ. जमीन पाऊस धरून ठेवते आणि सावकाश सोडते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बॉस्टनच्या चार्ल्स नदीवर तर पुरासाठी मोठी बांधकामं करण्याऐवजी लष्कराच्या इंजिनिअरांनी वरच्या अंगाला सुमारे 8,100 एकर पाणथळ जागा राखून ठेवली, 1970च्या दशकात ठरवून.

शेजाऱ्यांना रजिस्टर पत्रं गेली, उघड सुनावणी झाली. पलीकडच्या आजींनी ओट्यावरच्या दिव्याचा प्रश्न काढला. तो कमिशनच्या कक्षेत येत नाही असं अध्यक्षांनी गोडीत सांगितलं. परवानगी मिळाली, पण अटींसकट: आधी गवताच्या लांब वळकट्या कडेनं लावायच्या, म्हणजे माती वाहून जाणार नाही, पहिल्या 25 फुटांत कुदळ लावायची नाही, हा आमच्या गावाचा जादा नियम. परवानगी तीन वर्षांची. कुणाला मान्य नसेल तर निकालानंतर सुट्ट्या वगळून दहा दिवसांत राज्याच्या पर्यावरण खात्याकडे अपील. आणि अप्पा, हा अटींचा कागद जमिनीच्या दस्तांच्या कचेरीत नोंदवल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. आपल्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त बोजा चढावा तसंच. काम झाल्याचा दाखला मिळेपर्यंत तो उतरत नाही.

सगळं गोड आहे असं नाही. मोजणीवाल्याची आणि तज्ज्ञांची फी भरताना ओट्याचं लाकूड स्वस्त वाटलं. आणि नवी घरं नकोत म्हणून काही लोकांना अचानक पाणथळीचं प्रेम येतं, हेही त्या सभांत बसून कळतं. इथं घरांची टंचाई आहे, तेव्हा ते मला खटकतं.

पण गावच्या जमिनीचं जे करतात, ते पाहून मला तुमच्या गायरानाच्या फायली आठवल्या. दान आलेली किंवा गावानं विकत घेतलेली राने-कुरणं हेच कमिशन सांभाळतं. पायवाटा साफ करणं, पक्ष्यांची घरटी उठेपर्यंत कुरण न कापणं, आणि सीमा फिरून पाहणं. अतिक्रमण इथंही होतं, फक्त सभ्यपणे: कुणाची हिरवळ दरवर्षी हातभर पुढे सरकते, कुणाच्या पोराचा झोपाळा सरकारी झाडाखाली उभा राहतो. आधी समजुतीचं पत्र, मग नोटीस. मात्र ही जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर नुसत्या गावाच्या ठरावानं भागत नाही. 1972 पासून राज्याच्या घटनेतच आहे की विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. गायरानाला असं कुलूप असतं तर तुमच्या किती बदल्या वाचल्या असत्या?

ओट्याचं काम मे महिन्यात सुरू होईल, म्हणजे तुम्ही दोघं जूनमध्ये याल तेव्हा बसायला तयार असेल. कमिशनची सभा कुणीही जाऊन ऐकू शकतं, तुम्हाला नेईनच. आईला एक सांगा, त्या ओल्या कोपऱ्यात अळू लावायचा बेत तिनं केलाय, तो रद्द. फितीपलीकडे बाहेरचं रोप लावू देणार नाहीत. कुंडीत लावू या.

आईस सा. न., चिंटूला आशीर्वाद.

तुमची,
सुमा