दारूबंदीचा ठराव आणि त्यानंतरचे पाच दिवस

महोदय,

चंद्रपूरची दारूबंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हापासून गडचिरोलीतील १९९३ ची बंदी ठेवावी की काढावी हा वाद अधूनमधून उकरला जातो. महसूल, तस्करी, बायकांचा लढा या सगळ्यावर बोलले जाते. गावाने दारू बंद केली की त्याच गावात रोज पिणाऱ्या माणसाच्या शरीराचे पुढच्या पाच दिवसांत काय होते, हा विषय मात्र चर्चेत येतच नाही. आम्ही बंदीच्या बाजूचे आहोत आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज येतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. गावात ही बाहेरची बाधा समजली जाते आणि रुग्णाला पुजाऱ्याकडे नेले जाते. पुजाऱ्याला नावे ठेवून काही साधत नाही. घरचे लोक सर्वांत आधी त्याच्याकडेच जाणार असतील, तर दारू सुटल्यानंतरची थरथर आणि बडबड म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, एवढे त्याला नीट समजावून सांगणे हेच शहाणपणाचे. पूजा नंतरही करता येते.

गडचिरोलीत आणखी एक घोळ होतो. तापात बरळणारा माणूस दिसला की मेंदूचा मलेरिया आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. रक्ताची तपासणी आणि साखर दोन्ही लगेच पाहावे. पण मलेरिया, मोडलेला पाय किंवा सर्पदंश यासाठी दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळू लागतो, तेव्हा त्याला बांधून ठेवतात किंवा ‘मनोरुग्ण’ असा शिक्का मारतात. खरे तर दाखल झाल्यापासून त्याला दारू मिळालेली नसते, आणि ती शेवटची कधी घेतली हे पहिल्या दिवशी कोणी विचारलेले नसते. केसपेपरवर दोन प्रश्न छापून घ्यावेत : शेवटची दारू कधी घेतली? पूर्वी कधी दारू सुटल्यावर फिट आली होती का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला घरी ठेवून दारू सोडवू नये.

उपचार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातला आहे. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अशक्त दिसला की ग्लुकोजची सलाईन लावणे. पिणाऱ्याच्या शरीरात थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत आलेले असते. अशा वेळी आधी ग्लुकोज गेले तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी थायामिनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, मग ग्लुकोज. रक्तातील साखर फारच घसरलेली असेल, तर दोन्ही एकदमच द्यावे, थायामिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नये. डोळे तिरपे फिरत असतील, चालताना तोल जात असेल, गोंधळ असेल, तर थायामिनचा डोस बराच मोठा आणि शिरेतूनच लागतो. थरथर आणि फिट रोखण्यासाठी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड पाच ते सात दिवस, रोज डोस उतरवत द्यायचे. कावीळ किंवा यकृत खराब असल्यास लोराझेपाम. गोळ्यांची पूर्ण पट्टी रुग्णाच्या हाती कधीच देऊ नये, कारण गोळी आणि दारू पोटात एकत्र गेली तर श्वास मंदावतो. एका दिवसाची गोळी आशाताईंच्या हातून, हीच पद्धत बरी.

ज्याला आधी फिट आलेली नाही, दुसरा आजार नाही, घरात एक तरी न पिणारे माणूस आहे आणि ज्याच्यापर्यंत रोज पोहोचता येते, त्याचा उपचार घरी होऊ शकतो. बाकीच्यांना दाखल करावे. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावांसाठी हा निकष आणखी कडक हवा. भामरागड तालुक्यात पर्लकोटेला पूर आला की तिसऱ्या दिवशी भ्रमात गेलेल्या माणसाला आणायचे कसे?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचे आढळले. हे साऱ्या देशाचे चित्र आहे. एटापल्ली किंवा सिरोंचाच्या टोकाला ते याहून बरे असेल असे मानायला आधार नाही.

आजार ओळखण्याचीही एक अडचण आहे. ‘किती पेग घेता?’ हा प्रश्न मोहाच्या दारूला लागू पडत नाही. विदेशी दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. मोहाची पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यांत मात्र मोठा फरक पडतो, त्यामुळे पेल्यांचा हिशेब फसतो. त्याऐवजी सकाळी पहिला घोट घेण्याआधी हात थरथरतात का, हे गोंडी किंवा माडियातून विचारावे. सणाला, लग्नाला भरपूर पिणारा पण एरवी न पिणारा माणूस वेगळा. त्याला पाच दिवसांच्या औषधांची गरज नसते. त्याच्याशी पिण्याच्या धोक्यांबद्दल स्वतंत्र, नेमके बोलावे लागते.

‘नवऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा पुड्यांबद्दल फार काळजीने लिहावेसे वाटते. काही पुड्यांत डायसल्फिराम असू शकते. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि दारू थांबून किमान १२ तास झाल्यावरच ते द्यायचे औषध आहे. दवाखाना दूर असलेल्या पाड्यावर ते भाजीत मिसळणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. बायको हे करते ती हतबल होऊन. तिला दोष न देता, दारूची ओढ कमी करणाऱ्या नालट्रेक्सोनसारख्या औषधाचा पर्याय डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळू शकतो, हे तिच्यापर्यंत पोहोचवणे आरोग्य खात्याचे काम आहे.

आता ठरावाबद्दल. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रासाठीच्या पंचायत कायद्याने, तेथील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, तसेच त्यांची विक्री व सेवन यांचे नियमन किंवा त्यांवर निर्बंध आणण्याचा अधिकार मान्य केला आहे. देवाला वाहायची मोहाची दारू आणि ड्रमने गाळून विकायची दारू यांत गाव स्वतः फरक करते. ठरावानेही तो करावा, नाहीतर लोक त्याला मनातून मानत नाहीत. कारवाईचेही तेच. सडव्याचे, म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवलेल्या मिश्रणाचे, ड्रम ओतले, छायाचित्र छापून आले, आणि आठ दिवसांत नवा सडवा लागला, असे होते. कारण गूळ आणि नवसागर ठोकाने पुरवणारा मोकळाच राहतो. पकडली जाते ती बहुधा विकणारी बाई, आणि तिच्या घरात दुसरे उत्पन्न नसते. मोहफुले एप्रिलमध्ये पडेल भावाने व्यापाऱ्याला न विकता पावसाळ्यापर्यंत साठवता आली, तर तिच्याही हाती काही उरेल. त्यासाठी कोरडे गोदाम लागते, आणि त्यावर कोणी खर्च करत नाही.

दारू सुटल्यावर पुन्हा सुरू होण्याचे दिवसही माहीतच असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेंदूपत्त्याची मजुरी एकगठ्ठा हाती येते, धान विकले जाते, लग्नसराई येते. पाठपुरावा ‘दर महिन्याला’ असा कागदावर न ठेवता या दिवसांच्या आठवडाभर आधी ठेवावा, आणि तोही आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी माणूस तसाही येतो. पुन्हा प्यायला म्हणून उपचार-शिबिरातून त्याचे नाव काढू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला हाकलत नाही.

आमची मागणी एवढीच आहे. ग्रामसभेच्या ठरावात बंदीची तारीख घालण्याआधी पंधरा दिवस आशाताईंनी रोज पिणाऱ्यांची गोपनीय यादी करावी. आरोग्य केंद्रात थायामिन, डायझेपाम व लोराझेपाम यांचा साठा असल्याची खात्री करावी. बंदीच्या पहिल्या पाच दिवसांत एक परिचारिका गावात मुक्कामी असावी. ठरावाची एक प्रत पोलीस ठाण्याला जाते, तशीच दुसरी वैद्यकीय अधिकाऱ्याला जावी आणि तिच्यावर त्यांची पोच घ्यावी.

आपले,
व्यसन-उपचार क्षेत्रातील काही कार्यकर्ते