रात्रपाळीच्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत मांडणं बरं वाटत नाही. वॉर्डात लहानथोर सगळे तुम्हाला मावशीच म्हणायचे, मीही तेच म्हणते. घरी निघायच्या गडबडीत तुमचा नंबर घ्यायचा राहिला. नंतर चौकशी केली तर तुम्ही तिथलं काम सोडलं होतं. म्हणून हे पत्र असं उघड. कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला आता १४ महिने झाले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बऱ्याचदा दोन्ही एकदम जातं, असं डॉक्टरांनी समजावलं. ह्यांना बोललेलं कळत होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. पण येणारे-जाणारे त्यांच्या उशाशी उभे राहून मलाच विचारायचे, "ह्यांना काही कळतंय का?" तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत जे दिसायचं ते मी अजून विसरले नाही.

पहिल्या रात्री तुम्ही आलात. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम केलेत. मग वाकून ह्यांच्या डोळ्यांत बघत म्हणालात, "दादा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं." आणि थांबलात. त्यांनी पापण्या मिटून होकार दिला, तेव्हाच तुमचा हात त्यांना लागला. ते तुमचं थांबणं माझ्या मुलीनं दारातून पाहिलं होतं.

मुलगा मात्र पलंगाच्या पायथ्याशी नुसता उभा असायचा. ३४ वर्षांचा बाप्या, पण हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं त्याला. बापलेकांचं बोलणं पहिल्यापासून कामापुरतंच. ह्यांना हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तुम्ही त्याला म्हणालात, "तिकडे काय उभे राहताय? या, चादरीचं हे टोक धरा. ओढायचं नाही, उचलायचं." एवढंच. त्या चादरीच्या टोकापासून माझा मुलगा त्याच्या वडिलांच्या जवळ आला, मावशी.

मग तुम्ही एकेक गोष्ट दाखवत गेलात, ती कारणासकट. दर २ तासांनी कूस बदलायची, कारण माकडहाड, खुबा, टाचा अशा हाडाच्या जागी कातडी दबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि जखम होते. पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लुळ्या हाताला धरून कधीच उठवायचं नाही. तिथले स्नायू सैल पडलेले असतात, खांदा निसटतो. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. भरवताना नीट बसतं करायचं, घास छोटा, हनुवटी किंचित खाली. आणि घास गिळला तरी उजव्या गालात काही अडकलंय का ते बघायचं, कारण त्या बाजूला त्यांना कळत नाही. खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. मुलीनं हे सगळं वहीत उतरवलं. ती वही अजून ह्यांच्या उशाशी असते, वेळ आणि कूस लिहिलेली. पहाटे ३ च्या नोंदी बहुतेक मुलाच्या अक्षरात आहेत.

अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. पुढचे ६ महिने फार कठीण गेले, त्याबद्दल लिहीत बसत नाही.

एक सकाळ मात्र सांगते. मुलगा ह्यांची दाढी करत होता. मी दाराआड होते. त्यानं आधी तळहात एकमेकांवर चोळले, अगदी तुमच्यासारखे. "बाबा, उजव्या गालापासून सुरू करतो," म्हणाला आणि थांबला. ह्यांनी पापण्या मिटल्या. सुटलेला गाल दोन बोटांनी हलकेच ताणून धरून त्यानं रेझर फिरवला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती टिपली, आणि जणू काही झालंच नाही असा पुढचं बोलत राहिला. डावा गाल आला तेव्हा रेझर ह्यांच्या डाव्या हातात दिला आणि आरसा धरून बसला. बराच वेळ बसला. ऑफिसला उशीर झाला त्याला.

मुलीचंही तसंच. बाबा शब्द शोधत असले की ती मध्ये तोंड घालत नाही. "पाणी हवं की पंखा?" असं दोन्हींतलं एक विचारते आणि वाट बघते. मला अजून तेवढा धीर नाही. माझ्या तोंडून शब्द निघूनच जातो.

आजवर कुणी मुलांचं विचारलं की मी त्यांचं शिक्षण, नोकरी सांगायचे. अभिमान होताच, आजही आहे. पण त्या सकाळी ऊर भरून आला तो वेगळ्याच गोष्टीनं. आमचं काही त्यांच्यात उतरलं असेल, नाही म्हणत नाही. पण चोळलेले तळहात आमच्या घरातले नाहीत, ते तुमच्याकडून आले.

तुम्ही त्या रात्री आणखी किती पलंगांशी जात होतात ते मी पाहिलं आहे. पाय दुखायचे तुमचे. पहाटे भिंतीला टेकून एकेक पाय उचलून उभ्या राहायचात. तरी माझ्या मुलांना शिकवायला तुम्ही वेळ काढलात. तुम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्यासाठी मनापासून आभार.

मला एकदा म्हणाला होतात, "ताई, दादांना जमतंय ते त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी." हे पत्र मी आधी कागदावर लिहिलं आणि ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन मागितलं. खाली डाव्या हातानं सही केली आहे. अक्षरं वाकडी आहेत आणि शेवटचं राहून गेलंय. मुलानं हाताला हात लावला नाही, फक्त कागद सरकू नये म्हणून धरून ठेवला होता.

तुमची,
पाच नंबरच्या पलंगाजवळची ताई