‘नो रिटर्न’ लिहिलं तरी खराब माल परत घ्यावाच लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या मराठवाड्यात लग्नघरांची खरेदी सुरू होते. मुलीला द्यायचं कपाट, दिवाण, ड्रेसिंग टेबल पूर्वी गावातल्या सुताराला सांगायचे, नाहीतर परभणी-नांदेडच्या दुकानातून आणायचे. आता बरीच घरं मोबाइलवरच ऑर्डर देतात. त्यात गैर काहीच नाही, चार पैसे वाचतात आणि निवडही भरपूर मिळते. पण परतीच्या अटी वाचल्याशिवाय पैसे भरले जातात आणि मग लग्नाच्या तोंडावर माणसं हवालदिल होतात, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीत नुकताच एका घरी बॉक्सचा दिवाण आला. टेम्पोवाल्याने खोके दारात उतरवले आणि आधी ओटीपी मागून घेतला. नंतर खोका उघडला तर बाजूच्या फळीचा कोपरा फुगलेला, लॅमिनेट सुटलेलं, बोट लावलं की भुसा गळत होता. कस्टमर केअरचं उत्तर आलं : ‘तुमच्या पिनकोडला रिटर्न पिकअप नाही, वस्तू स्वतः कुरिअर करा.’ दोन माणसांना न उचलणारा दिवाण सेलूहून कोणत्या कुरिअरने पाठवायचा?

इथे वाचकांनी एक फरक नीट लक्षात घ्यावा. रंग आवडला नाही, खोलीत बसला नाही, म्हणून माल परत करायचा असेल तर कंपनीच्या अटी चालतात. तिथे ‘नो रिटर्न’ असेल तर आपला इलाज नाही. म्हणून दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण टेपने मोजूनच ऑर्डर द्यावी. पण माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आला असेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराला पूर-वादळासारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. सदोष माल परत न घेणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथाच आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी 30 दिवस धरले जातात.

फर्निचरच्या बाबतीत सगळ्यात जाचक गोष्ट फिटिंगची. अनेक ठिकाणी परतीचे दिवस डिलिव्हरीपासून मोजतात, आणि तालुक्याच्या गावी कंपनीचा फिटर यायलाच आठवडा लागतो. खोके बंद असतानाच मुदत संपते. उलट फिटिंग झालं की ‘आता जोडलेली वस्तू परत घेत नाही’ ही दुसरी अट पुढे येते. म्हणजे जोडल्याशिवाय दोष कळत नाही आणि जोडल्यावर कुणी ऐकत नाही. परतीची मुदत फिटिंगच्या दिवसापासूनच मोजली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तोवर खोके आले त्याच दिवशी उघडावेत, उघडताना व्हिडिओ काढावा, फळ्या मोजाव्यात, कोपरे आणि स्क्रूची भोकं पाहावीत. खराब फळी निघाली तर फिटरला हात लावू देऊ नये. पुठ्ठा-थर्मोकोलही मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावं, मूळ पॅकिंग नाही म्हणून माल नाकारतात. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ची, म्हणजे माल दारातच उघडून दाखवायची सोय असेल तर माल पाहिल्याशिवाय ओटीपी देऊच नये.

लाकडाचंही तसंच. किनवटचं सागवान पाहत आलेल्या आपल्या लोकांना फोटोतली चमक सागवानाचीच वाटते. खाली वर्णनात ‘इंजिनिअर्ड वुड’ असतं, म्हणजे बहुधा पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली फळी. तसं लिहिलेलं असेल तर नंतर भांडता येत नाही. पण ‘शीशम’ लिहून आत बोर्ड निघाला तर तो जाहिरातीतला माल नव्हे. म्हणून वर्णनाचा आणि परतीच्या अटींचा स्क्रीनशॉट ऑर्डरच्या दिवशीच काढून ठेवावा.

कंपनी ऐकत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत 2 वर्षांची.

परतीच्या अटी आणि परत पाठवायचा खर्च कोण सोसणार, हे आधी दाखवणं नियमाप्रमाणे बंधनकारकच आहे. माझी मागणी एवढीच की पिनकोड टाकताच, पैसे भरण्याआधी, ‘इथून माल परत नेला जाईल की नाही’ हे मराठीत ठळक दिसावं. 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो. पुरवठा विभागाने यंदाचा कार्यक्रम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात उरकू नये. सेलू, गंगाखेड, माजलगाव अशा बाजाराच्या गावी तो घ्यावा आणि तिथेच लोकांच्या अडकलेल्या तक्रारी भरून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)