अणूच्या आकृतीखाली एक ओळ हवी

महोदय,

दहावीची मुलं अणू काढा म्हटलं की सूर्यमालाच काढतात. मधे गोळा, भोवती वर्तुळं. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी १९१३ साली मांडलेल्या या प्रतिकृतीने (मॉडेलने) हायड्रोजनच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या, रेषांचं गणित सुरेख जुळवलं, पण हेलियमपाशीच ती अडली. आणि प्रमाणाचं काय? केंद्रक, म्हणजे मधला गोळा, मोहरीएवढं काढलं तर हायड्रोजनचा अणू जवळपास १०० मीटर रुंद होईल! आपण वस्तूंची मनात चित्रं रचतो आणि त्यांतून निघणारे निष्कर्ष निसर्गाशी जुळावेत एवढीच अपेक्षा ठेवतो, हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांचा १८९४ मधला विचार मला फार मोलाचा वाटतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीखाली ‘ही प्रतिकृती आहे, प्रमाणात नाही’ एवढं ठळक अक्षरांत छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा