"घोडा कोणाचा?" या दोन शब्दांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही, या अटीवर तुम्ही आमची यादी तपासून दिलीत. अट आम्ही पाळतो आहोत. आभार मात्र उघडपणे मानायचे आहेत, कारण तुम्ही जे दाखवलंत ते जुन्या घोडदळांचे कागद चाळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

'स्वयंसेवक घोडदळं आणि त्यांचे अधिकारी' असं यादीचं शीर्षक होतं. स्किनर्स हॉर्स, पूना हॉर्स, सिंध इरेग्युलर हॉर्स, कलकत्ता लाइट हॉर्स, लम्सडेन्स हॉर्स आणि विलायतेतली इम्पीरियल यॉमनरी (तिथल्या स्वयंसेवकांचं घोडेस्वार दल), सगळी एका रांगेत बसवलेली. तुम्ही समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलंत: "घोडा कोणाचा?" आणि ती रांग मोडली.

शिलेदार आणि बारगीर हे शब्द मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतात. स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी आहे: 25 बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि दर 25 घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) नि एक नालबंद (नाल ठोकणारा). ही सरकारी घोड्यांची व्यवस्था. शिलेदाराची चंदी, वैरण, खोगीर, नाल हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. हीच रीत कंपनी सरकारनं शब्दासकट उचलली, आणि इंग्रजी कागदांत तिचं 'सिलादार' झालं. स्किनर्स हॉर्स ज्याच्या नावाचं, तो जेम्स स्किनर 1803 पर्यंत शिंद्यांच्या चाकरीत होता. पूना ऑक्झिलिअरी हॉर्स (पुढचं पूना हॉर्स) 1817 च्या जूनमधल्या पुणे करारातून उभं राहिलं, तेही दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चानं. या पलटणींना 'इरेग्युलर' म्हणत ते शिस्त नव्हती म्हणून नव्हे. पगाराची आणि घोड्याची व्यवस्था निराळी, गोरे अधिकारी मोजके, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. आम्ही तो 'हंगामी स्वयंसेवक' असा लावला होता. पहिली मोठी दुरुस्ती तुम्ही तिथे केलीत.

दुसरी 'असामी'ची. आम्ही तो शब्द 'माणूस' म्हणून वाचत होतो. सिलादार रेजिमेंटमध्ये असामी म्हणजे जागा. भरती होणाऱ्यानं घोडा आणायचा किंवा त्याची किंमत रोख भरायची, मग ती जागा त्याची. महिन्याच्या पगारातून त्यानं स्वतःचं पोट, घोड्याचा दाणा, जीन नि पोशाख सांभाळायचा. दोन स्वारांत मिळून गवत आणणारा एक घसियारा आणि एक तट्टू. नोकरी सोडताना असामीचे पैसे परत. घोडा मेला तर नवा घ्यायला मदत व्हावी म्हणून दरमहा कपात होऊन रेजिमेंटचा 'चंदा' फंड जमायचा. पूर्वी एका पैसेवाल्या सरदाराकडे अनेक असाम्या असत आणि तो त्यांवर बारगीर बसवत असे. स्वतःच्याच घोड्यावर बसणारा तो 'खुदअस्पा'. म्हणून जुन्या हजेरीपटात एकाच नावापुढे पाच घोडे दिसले तर ती लेखनिकाची चूक समजू नये, हे तुमचं सांगणं आता आमच्या यादीच्या पहिल्या पानावर आहे.

ही रीत बिघडते कुठे, तेही याच प्रश्नातून कळतं. घोडा हीच ज्याची सगळी पुंजी, तो स्वार जिवापेक्षा घोड्याला जपतो. गणतीच्या दिवशी उसना घोडा उभा करण्याची खोड मोगलांच्या काळापासूनची, म्हणून तर घोड्याला डाग द्यायचा आणि त्याचा हुलिया, म्हणजे रंग नि खुणांचं वर्णन, लिहून ठेवायचा. घोडा गेला की स्वार सावकाराच्या दारात. सिंध हॉर्सच्या जॉन जेकबनं आपल्या स्वारांच्या कर्जबाजारीपणाशी झगडा मांडला तो यामुळेच. आणि 1914 च्या महायुद्धात तर मूळच उखडलं. घोडे, जीन, खोगीर हे प्रत्येक रेजिमेंट आपापलं खरेदी करणार, तर समुद्रापार महिनोन्‌महिने चालणाऱ्या लढाईत तूट भरून कोण काढणार? त्या वेळच्या 39 घोडदळ रेजिमेंटांपैकी 26, 27 आणि 28 या मद्रासकडच्या तीनच बिगर-सिलादार होत्या. युद्धानंतर सिलादारी बंद झाली आणि जोडाजोड करून 39 च्या 21 उरल्या.

अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेकडचा स्वारही या अर्थानं शिलेदारच, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. घोडा त्याचा, सरकार दिवसाला 40 सेंट देणार. घोडा लढाईत पडला तर ठरलेली किंमत मिळे. आजारानं मेला किंवा थकून निकामी झाला तर काही नाही. मग घरी जाऊन दुसरा आणायचा, नाहीतर पायदळात जायचं. त्यामुळे रजेवरच्या स्वारांचे आकडे वाचताना 'पळाले' असा निष्कर्ष घाईनं काढायचा नाही.

अधिकाऱ्यांबद्दल तुम्ही जे शिकवलंत त्याचे उपकार सर्वांत मोठे. जॉन जेकब आम्हाला घोडदळाच्या यादीत सापडेना, कारण तो मुळात मुंबई तोफखान्याचा. कंपनीच्या काळात इरेग्युलर रेजिमेंटचे गोरे अधिकारी इतर पलटणींतून मागून घेतलेले असत: एक कमांडंट, एक दुय्यम, एक अ‍ॅडज्युटंट (रेजिमेंटचं दप्तर नि रोजचा कारभार पाहणारा), सोबत डॉक्टर. त्यांची बढती मूळ पलटणीतल्या ज्येष्ठतेनं चाले. म्हणून आधी मूळ पलटण शोधायची, मग तिथल्या नावापुढचा 'इरेग्युलर हॉर्सकडे' हा शेरा.

पण जिथे गोरे तिघेच, तिथे रिसाला (स्वारांची तुकडी) नेणारा अधिकारी रिसालदार असतो. आमच्या यादीत एकही रिसालदार नव्हता. रिसालदार, रेसाईदार, जमादार हे अधिकारी; कोत-दफेदार नि दफेदार त्यांच्या खालचे; आणि वर्दी-मेजर म्हणजे अ‍ॅडज्युटंटचा हिंदी जोडीदार. 'मेजर' बघून आम्ही त्याला मेजरांच्या रांगेत बसवलं होतं. नावापुढे 'सरदार बहादूर' असेल तर ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया या किताबाचा पहिला वर्ग, नुसतं 'बहादूर' असेल तर दुसरा. या एका खुणेवरून एकाच नावाची दोन माणसं वेगळी काढता येतात.

क्रमांकांचा घोळ हा तर कायमचा. जुनी 8 वी इरेग्युलर कॅव्हलरी 1861 नंतर 6 वी बंगाल कॅव्हलरी झाली. पूना हॉर्स 4 थी बॉम्बे कॅव्हलरी होती, 1903 मध्ये 34 वी झाली, आणि पुढे 33 व्या लाइट कॅव्हलरीशी एकत्र होऊन 17 वी. साल न लिहिता नुसता क्रमांक लिहिणं म्हणजे माणूस भलत्याच रेजिमेंटमध्ये नोकरीला लावणं.

खरे स्वयंसेवक उरले ते लाइट हॉर्सवाले: बिहार, आसाम, कलकत्ता इथले युरोपीय मळेवाले नि व्यापारी. त्यांची नावं आर्मी लिस्टच्या (अधिकाऱ्यांच्या सरकारी यादीच्या) स्वयंसेवक विभागात, आणि दीर्घ सेवेनंतर नावापुढे 'व्ही. डी.' ही स्वयंसेवक अधिकाऱ्यांच्या पदकाची अक्षरं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी 1900 मध्ये लम्सडेन्स हॉर्सच्या दोन कंपन्या कलकत्त्याहून गेल्या, सुमारे अडीचशे माणसं. ती अशाच दलांतून निवडलेली. एकेक अधिकारी आपल्या मूळ दलातही आणि इथेही दिसतो, म्हणून आमची बेरीज फुगली होती. याच युद्धासाठी यॉमनरी उभारण्याचा हुकूम 24 डिसेंबर 1899 चा: 115 जणांची कंपनी, चार कंपन्यांची बटालियन, हातात तलवार नाही, रायफल. तिथे बटालियनपेक्षा कंपनीचा क्रमांक धरून शोधायचं. 31 मे 1900 ला दक्षिण आफ्रिकेत लिंडलीला शरण आलेल्या 13 व्या बटालियनचे अधिकारी असेच 45, 46, 47 आणि 54 या कंपन्यांतून सापडले. आणि कलकत्ता लाइट हॉर्सचं गोव्याशी नातं आहे ते घोड्याविनाच: 9 मार्च 1943 च्या रात्री मुरगाव बंदरात एरेनफेल्स या जर्मन जहाजावर चढलेल्यांत त्यांची माणसं होती.

तुम्ही परत पाठवलेल्या कागदांतला एक आम्ही वेगळा ठेवला आहे. हुलियाच्या ओळी आम्ही गाळल्या होत्या. कुमेद, मुश्की, सब्जा, अबलख, पंचकल्याण हे रंग यादीला कशाला हवेत, असं वाटलं होतं. तुम्ही ते पुन्हा लिहून काढलेत आणि दोन सालांच्या पटांत एकच डाग, एकच 'कुमेद पंचकल्याण' आणि वरचा स्वार मात्र निराळा, हे लाल रेघेनं जोडून दाखवलंत. असामी हातोहात गेली होती. घोडा तोच होता.

सुधारलेली यादी सोबत पाठवत आहोत. नावाच्याही आधीचा रकाना आता 'घोडा कोणाचा' हा आहे. रिसालदारांची पानं शेवटी जोडलेली नाहीत, प्रत्येक रेजिमेंटमध्ये त्यांच्या जागी घातली आहेत. चार ठिकाणी मोडी अक्षर 'सुरंग' (घोड्याचा एक रंग) आहे की आणखी काही, ते लागत नाही. तिथे बारीक फुली केली आहे. सवडीनं पाहावं.

तुमचे ऋणी,
यादीचं काम करणारे आम्ही सगळे