भुतं बघायची तर बघा, पण स्मशानात रील नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरच्या "झपाटलेल्या" जागांवर अर्धं पान आलं ते वाचलं आणि तेव्हापासून लिहू लिहू म्हणत होतो. जागांची लिस्ट दिली, फोटो मुद्दाम काळपट करून छापले आणि खाली "रात्री जाण्याचं धाडस आहे का?" असंही टाकलंत. आता धाडस म्हटल्यावर आमची पोरं घरात बसणार होय? इथल्या पोराला "तुला जमणार नाही" एवढं म्हणायचा अवकाश, पुढचं वाक्य ऐकायच्या आधी त्याची गाडी स्टार्ट झालेली असते.

मी पंचगंगेच्या बाजूला शुक्रवार पेठेत राहतो. लहानपणी आम्हालाही मुंज्या, हडळ, चकवा सगळं ऐकवलंय, अमावस्येला नदीकडं जायचं नाही, तिन्हीसांजेला पिंपळाखाली थांबायचं नाही, आणि त्यात मजा होती हे मी कशाला नाकारू. माझं म्हणणं फक्त स्मशानभूमीबद्दल आहे. तुमच्या लिस्टमध्ये पंचगंगा स्मशानभूमी होती.

मागे शेजारच्या एका आजोबांना घेऊन आम्ही रात्री तिथं गेलो होतो. अग्नी देऊन झाला होता, त्यांचा धाकटा मुलगा पायऱ्यांवर बसलेला, कुणाशी बोलत नव्हता. तेवढ्यात पलीकडं चार पोरं आली, एकाच्या हातात काठीवर लावलेला मोबाईल आणि गोल लाईट, आणि तो पार घोगऱ्या आवाजात "गाईज, इथं काहीतरी आहे, तुम्हाला फील होतंय का" म्हणत चालू लागला. काहीतरी होतंच की बाबा, माणूस जळत होता तिथं! शेवटी धुरातून तिथला कर्मचारी हातात शेणी (गोवऱ्या) घेऊन पुढं आला तसा त्यातला एक जण किंचाळत गेटकडं पळाला, आणि कर्मचारी आपला शांतपणे म्हणतो, "ए भावा, चप्पल ऱ्हायली तुझी." चौघांपैकी एकालाही त्या पायऱ्यांवरच्या मुलाकडं बघावंसं वाटलं नाही. नंतर तो व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला, त्यात तो कर्मचारी म्हणजे "पांढरी आकृती" आणि खाली हार्ट आणि कवटीचे इमोजी. बनियन पांढरा होता एवढंच खरं.

ज्यांना भूत केलं ती माणसं कोण तेही छापा की कधीतरी. आपल्या महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात, दहन शेणींवर होतं, आणि होळीला "होळी लहान करा, शेणी दान करा" म्हणून आवाहन झालं की गल्लीगल्लीतली मंडळं शेणी आणून देतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. कोरोनात घरचे लोक जवळ यायला घाबरत होते तेव्हा हेच कर्मचारी रात्रंदिवस उभे होते. आणि नदीची म्हणाल तर पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा आमच्या पेठेत जी झोप उडते, ती कुठल्या हडळीनं कधी उडवलेली नाही.

कुणी म्हणेल अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे लोक पण स्मशानात सहली नेतात. नेतात, पण ते भीती घालवायला नेतात, हे ती वाढवून लाईक गोळा करायला जातात.

आता पन्हाळ्याचं. गडावरच्या अंधारबाव विहिरीत आवाज येतात म्हणे. अहो तीन मजली दगडी बांधकाम, तळाला पाणी, वर कमानी, तिथं तुम्ही खोकलात तरी घुमणार. वेढा पडला तर शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीर अशी झाकून बांधली आणि वर पहाऱ्याची जागा ठेवली, हे डोकं केवढं भारी आहे! जुन्या तटात गव्हाणी घुबडं राहतात, ती रात्री अशी चिरकतात की नव्या माणसाचं पाणी पाणी होतं. तुमच्या पानावर घुबड पण नाही आणि 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा पण नाही. शिवा काशिद महाराजांच्या वेशात पालखीत बसून मरणाच्या तोंडात गेला, त्याची समाधी पन्हाळ्यावर आहे, तिथं किती रीलवाले थांबतात? पुण्यात शनिवारवाड्याचंही तेच, "काका मला वाचवा" सगळ्यांना पाठ, पण 30 ऑगस्ट 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या त्या खुनाबद्दल खुद्द काका राघोबाला दोषी धरणारे न्यायाधीश रामशास्त्री कुणाला आठवत नाहीत.

बरं, 2025 च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला. गर्दी वाढणारच. पावसाळ्यात अंधारबावीच्या पायऱ्यांना शेवाळ धरतं, त्यात मोबाईलच्या उजेडात उलटं चालत शूटिंग करणारा पाय घसरून पडला की "जागेनं बळी घेतला" म्हणून अजून एक स्टोरी तयार.

म्हणून माझ्या दोनच विनंत्या. स्मशानभूमीचं नाव लिस्टमधून काढल्याचं तुम्ही पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आणि महापालिकेनं रात्री गेटवर एक माणूस द्यावा, जो अंत्यविधीला आलेल्यांना सोडेल आणि काठीवर मोबाईल लावून आलेल्यांना तिथूनच परत पाठवेल. पोरांना रात्री फिरायचंच असेल तर रंकाळा आहे की, भेळ पण मिळते.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर