स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

काल रात्री जीएसटीआर-2बी, म्हणजे मिळणाऱ्या कर-वजावटीचा पोर्टलवरचा तक्ता, उघडलं आणि आमच्या सोलापूरच्या जीएसटी नंबरावर आयातीवर भरलेल्या आयजीएसटीची ती रक्कम दिसली. घरात सगळ्यांना उठवून दाखवली. फोन केला तर तुम्ही ‘अहो, कामच आहे आमचं’ म्हणून ठेवून द्याल, म्हणून चारचौघांत लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडम आयात मालाचं कस्टम्सचं काम बघतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना, हैदराबादला विक्रीचा डेपो. पॅन एक, जीएसटी नंबर दोन; नंबराचे पहिले दोन आकडे राज्याचे. रॅपिअर यंत्रमागांचे सुटे भाग परदेशातून न्हावा शेवा बंदरात उतरले, तेव्हाच्या एजंटानं बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदात, महाराष्ट्राच्या 27 ऐवजी तेलंगणाचा 36 वाला नंबर टाकला. पैसे सोलापूरनं भरले, क्रेडिट, म्हणजे त्या कराची वजावट, जाऊन बसलं हैदराबादला. तिथं विक्री ती केवढी, वजावट वापरणार कशात! ते क्रेडिट इकडं ओढूनही आणता येत नाही. त्यात 30 नोव्हेंबर तोंडावर आलेला. मागच्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट त्यानंतर गेलंच म्हणायचं.

त्या एजंटाचं नाव घेत नाही. ‘माल सुटला ना शेठ? मग आता काय होत नसतंय,’ एवढं बोलून त्यानं फोन उचलणं बंद केलं. फी मात्र आगाऊ घेतली होती. दुसरे एक सल्लागार भेटले, ते म्हणाले, मागच्या तारखेचं पत्र बनवू, सगळं बसवून देतो.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी वैतागलेलोच होतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बिल उघडलंत, आणि टेबलावरची स्क्रीन फिरवून माझ्याकडं केलीत. पेन्सिलीचं टोक त्या 36 वर ठेवून म्हणालात, ‘हे बघा, इथं आहे.’

मॅडम, इतकी वर्षं माल मागवतोय, पण आपलंच बिल असं समोर बसवून मला कुणी दाखवलं नव्हतं. ‘तुम्हाला नाही कळायचं ते’ हेच ऐकत आलो. तुम्ही रकाना रकाना वाचून दाखवलात, मी विचारलेलं परत परत सांगितलंत, बाहेर माणसं खोळंबली होती तरी. पोटातला गोळा तिथंच निम्मा विरघळला. नंबर दुरुस्त व्हायला पुढं वेळ लागला, पण झोप त्या रात्रीपासूनच लागायला लागली.

मागच्या तारखेच्या पत्राचं मी भीत भीत विचारलं, तेव्हा तुम्ही फाइल मिटलीत. माल सुटल्यावरही कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्ती मागता येते, पण माल सुटला त्या दिवशी जे कागद अस्तित्वात होते त्यांच्याच आधारावर, नवा कागद चालत नाही, हे तुम्ही सांगितलंत. आणि आमच्याच गठ्ठ्यातून सोलापूरचा पत्ता नि 27 चा नंबर असलेली परचेस ऑर्डर नि इनव्हॉइस काढलंत. खरे कागद हाताशी असताना खोटा बनवायला निघालेली माणसं आठवून आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

अर्ज मंजूर करणाऱ्या कस्टम्सच्या साहेबांचेही आभार. त्यांनीही कागद नीट वाचले. सरळ काम करणारी माणसं असतात हो, फक्त ती बोलत नाहीत, त्यामुळं गवगवा दुसऱ्यांचाच होतो.

पुढच्या कंटेनरचे कागद तुमच्याकडंच येतील. बिल ऑफ एंट्री दाखल करण्याआधी तिचा मसुदा, ती चेकलिस्ट, मला पाठवा, आता पहिले दोन आकडे मीच बघणार आहे. शेंगाचटणी कुरिअरनं निघाली आहे, नाही म्हणू नका. आणि तुमच्या फीचं बिल अजून आलेलं नाही, तेवढं धाडा.

आपला,
अक्कलकोट रोडवरचा टॉवेलवाला